करार विद्यापीठाचा, कुलूप कॉन्फरन्सचं

फ्लोरिडा स्टेट हे अमेरिकेतलं सरकारी विद्यापीठ. त्याच्या फुटबॉल सामन्यांचे प्रक्षेपण हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या अटींवर विकले गेलेत, हे ज्या करारात लिहिलंय त्याची प्रतच विद्यापीठाच्या हाती नव्हती. ती असायची अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या क्रीडागटाच्या, म्हणजे एसीसीच्या, नॉर्थ कॅरोलिनातल्या मुख्यालयात. वाचायची तर तिथं जाऊन वाचा. डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठानं एसीसीवर दावा लावला तेव्हा पैशांच्या आकड्यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले, ही बाब मात्र बातमीच्या तळाशी राहिली. माझ्या मते खरं दुखणं तिथंच आहे.

आपल्याकडे विद्यापीठांची ‘अश्वमेध’ स्पर्धा भरते आणि त्याच शहरातल्या लोकांना तिचा पत्ता नसतो. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा अंदाज त्यावरून येणार नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. अनेक राज्यांमध्ये सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. आसपासच्या विद्यापीठांनी आपापसात खेळण्यासाठी जे गट केले त्या कॉन्फरन्स, आणि टीव्हीवाल्यांशी सौदा करतात त्या याच. आलेला पैसा मग सभासद विद्यापीठांमध्ये वाटला जातो. बिग टेन या कॉन्फरन्सनं २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा जो करार केला त्याची रक्कम ७०० कोटी डॉलरच्या वर सांगितली गेली. एवढा पैसा आला की मागोमाग वकील येणारच.

हे सगळं सुरू झालं ते एका चांगल्या निकालातून. १९८४ पर्यंत देशभरातल्या कॉलेज फुटबॉलचं प्रक्षेपण एनसीएए ही एकच संस्था ठरवत असे. एबीसी आणि सीबीएस यांच्याशी तिनं प्रत्येकी १३ कोटी १७ लाख ५० हजार डॉलरचे चार वर्षांचे करार केले होते, आणि कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दिसता कामा नये असा दंडक होता. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध कोर्ट गाठलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात एक उदाहरण आहे, ते वाचलं की त्या व्यवस्थेचा अख्खा तर्कटपणा कळतो. १९८१ मधल्या एका शनिवार-रविवारी ओक्लाहोमा विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया हा बड्या संघांचा सामना दोनशेहून जास्त केंद्रांवरून दाखवला गेला. त्याच वेळी सिटाडेल विरुद्ध अ‍ॅपलॅचियन स्टेट हा सामना दिसला चार केंद्रांवरून. पैसे चारही संघांना सारखेच.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी सात विरुद्ध दोन मतांनी ही मक्तेदारी मोडीत काढली. विरोधी निकाल लिहिला बायरन व्हाइट यांनी. हे गृहस्थ स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू, पुढे व्यावसायिक फुटबॉलही खेळलेले. विद्यापीठांचा खेळ हा निव्वळ धंदा नाही, त्याला धंद्याचे नियम लावले तर शिक्षणाशी असलेली त्याची गाठ सुटेल, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. आज अनेकजण व्हाइट यांना द्रष्टे ठरवतात. मला ते अर्धंच पटतं. रोग त्यांनी ओळखला, पण औषध म्हणून ते जुनीच मक्तेदारी पुढं करत होते, आणि ती मक्तेदारी काही शिक्षणाच्या काळजीपोटी उभी राहिली नव्हती.

बहुमताच्या निकालानं मात्र एक प्रश्न तसाच सोडला. हक्क एनसीएएचे नाहीत, ठीक, मग कोणाचे? विद्यापीठांचे, असं गृहीत धरलं गेलं. पण सरकारी विद्यापीठ म्हणजे कोण? त्याचा अध्यक्ष, नियामक मंडळ, विधिमंडळ, करदाते, की मैदानात उतरणारी पोरं? कोर्टापुढं हा मुद्दाच नव्हता, त्यामुळे कोर्टाला दोष देता येत नाही. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत तो कुणीच नीट विचारला नाही, तक्रार त्याबद्दल आहे. एका मोठ्या मक्तेदाराच्या जागी पाच-सहा छोटे मक्तेदार आले आणि त्यांनी आपापली कुंपणं घालायला घेतली.

सुरुवातीचं कुंपण म्हणजे बाहेर पडण्याचा दंड. २०१२ मध्ये मेरीलँडनं एसीसी सोडून बिग टेनमध्ये जायचं ठरवलं, तेव्हा एसीसीनं ५ कोटी २० लाख डॉलरहून जास्त रक्कम मागितली. दावे-प्रतिदावे झाले आणि २०१४ मध्ये ३ कोटी १४ लाखांवर मिटलं. पण नुसत्या दंडानं कोणी थांबत नाही हे २०१२ मध्येच सगळ्यांना दिसलं होतं. म्हणून २०१३ मध्ये एसीसीनं दुसरं, पक्कं कुंपण घातलं: ‘ग्रँट ऑफ राइट्स’. या कागदान्वये प्रत्येक विद्यापीठ आपल्या घरच्या मैदानावरील सामन्यांचे प्रक्षेपण हक्क कॉन्फरन्सच्या नावे करून देतं, आणि ते उद्या कॉन्फरन्स सोडून गेलं तरी हक्क मुदत संपेपर्यंत मागंच राहतात. एकत्र कुटुंबातून वेगळ्या झालेल्या भावाला वाट्याची जमीन द्यायची, पण पुढच्या तेरा वर्षांचं पीक मात्र थोरल्या घरी येत राहील असं लिहून घ्यायचं, त्यातला हा प्रकार. नव्या कॉन्फरन्सनं अशा विद्यापीठाला घ्यावं तरी कशासाठी? त्याच्या मैदानावरचे सामने विकायला तिच्या हातात येणारच नाहीत. २०१६ मध्ये एसीसीच्या कराराची मुदत २०३६ पर्यंत वाढवली गेली.

फ्लोरिडा स्टेटनं दोन्ही वेळा सही केली, हे इथं सांगितलंच पाहिजे. कोणी डोक्याला बंदूक लावली नव्हती.

मग २०२३ चा हंगाम आला. फ्लोरिडा स्टेटनं तेराच्या तेरा सामने जिंकले, एसीसीचं विजेतेपद मिळवलं, आणि तरीही राष्ट्रीय विजेतेपदाच्या चार संघांत त्यांना घेतलं नाही. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि एक सामना हरलेला अलाबामा, असे चौघे गेले. प्रमुख क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, जायबंदी असल्यामुळे संघ आता पूर्वीसारखा राहिला नाही, असं निवड समितीचं कारण. फ्लोरिडात लोक खवळले. तीन आठवड्यांच्या आत विद्यापीठाच्या विश्वस्तांनी दावा लावायला एकमतानं मंजुरी दिली. निवडीचा राग हे निमित्त होतं. बिग टेन आणि एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) यांचे सभासद आपल्याहून दरवर्षी कोट्यवधी डॉलर जास्त घेऊन जाणार, ही जुनी पोटदुखी होती. बाहेर पडायचा खर्च त्यांनी स्वतःच मांडून दाखवला: दंड १३ कोटी, गमावलेले प्रक्षेपण हक्क ४२ कोटी ९० लाख, आणखी किरकोळ देणं १ कोटी ३० लाख. एकूण ५७ कोटी २० लाख डॉलर.

पुढचा तमाशा पाहण्यासारखा आहे. विश्वस्तांची बैठक होणार याचा वास लागताच एसीसीनं आदल्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटच्या कोर्टात फ्लोरिडा स्टेटवर दावा ठोकला. दुसऱ्या दिवशी विद्यापीठानं फ्लोरिडातल्या टॅलहासीत ठोकला. मार्च २०२४ मध्ये एसीसीचंच दुसरं सभासद क्लेमसन विद्यापीठ साउथ कॅरोलिनात कोर्टात गेलं, आणि एसीसीनं त्यांनाही शार्लटला ओढलं. एकाच कागदाचा अर्थ लावायला तीन राज्यांतली कोर्टं बसली, प्रत्येक पक्षाला आपल्या घरचं मैदान हवं. फुटबॉलमध्ये निदान नाणेफेक तरी होते.

या सगळ्यात जनतेच्या बाजूनं असलेला एक दावा फारसा गाजला नाही. एप्रिल २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या अ‍ॅटर्नी जनरल अ‍ॅशली मूडी यांनी एसीसीकडे तिचे हक्क विकत घेणाऱ्या ईएसपीएन या क्रीडा वाहिनीबरोबरचे करार मागितले: सरकारी विद्यापीठाशी संबंधित कागद आहेत, तेव्हा आमच्या सार्वजनिक दस्तऐवजांच्या कायद्यानुसार ते लोकांना दिसले पाहिजेत. एसीसी आणि ईएसपीएन यांचं म्हणणं की हे व्यापारी गुपित आहे. मूडी यांनी हा दावा निव्वळ तत्त्वासाठी लावला असं मी म्हणणार नाही. आपल्या राज्यातल्या लाडक्या संघाला हातभार लावायचा होता, हे उघड आहे. तरी मुद्दा बिनतोड होता. शेवटी त्यातही तडजोड झाली आणि करार बाहेर आले, पण जागोजागी काळ्या पट्ट्या मारून.

आणि गुपित होतं तरी काय? एक महत्त्वाची बाब फ्लोरिडा स्टेटच्या दाव्यातूनच चव्हाट्यावर आली. सगळे समजून चालले होते की ईएसपीएनचा करार २०३६ पर्यंत पक्का आहे. प्रत्यक्षात तो २०२७ पर्यंतच बांधलेला होता आणि पुढं चालू ठेवायचा की नाही हे ईएसपीएननं ठरवायचं होतं. म्हणजे विद्यापीठं २०३६ पर्यंत जखडलेली, विकत घेणारा मात्र २०२७ नंतर मोकळा. हे कलम २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या विश्वस्तांसमोर, वर्तमानपत्रांसमोर, विधिमंडळाच्या एखाद्या खोचक सभासदासमोर मांडलं गेलं असतं तर सही इतक्या सहजी झाली असती का, याची मला शंका आहे. जानेवारी २०२५ मध्ये ईएसपीएननं करार पुढं चालू ठेवला, तो त्यांच्या सोयीनं.

मार्च २०२५ मध्ये सगळं मिटलं. दंड उतरत्या भाजणीचा झाला: २०२५-२६ मध्ये साडेसोळा कोटी डॉलर, मग दरवर्षी १ कोटी ८० लाखांनी कमी होत २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी, आणि तो भरला की हक्क विद्यापीठाबरोबर जाणार. शिवाय टीव्हीच्या पैशातला ६० टक्के भाग यापुढं प्रेक्षकसंख्येप्रमाणे, ४० टक्के समान. दोन्ही पक्षांनी विजयाची पत्रकं काढली. एसीसीतल्या वेक फॉरेस्ट किंवा बॉस्टन कॉलेजसारख्या छोट्यांनी कशाला काढावीत? बड्यांना थोपवून धरण्याची किंमत छोट्यांच्या ताटातून गेली. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. हक्क असे इतक्या लांब मुदतीसाठी बांधून देता येतात का, सरकारी विद्यापीठाला तो अधिकार आहे का, न वाचता येणारा करार बंधनकारक असतो का, यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कोणत्याही कोर्टानं शेवटापर्यंत दिलं नाही. मेरीलँडच्या वेळी तेच, टेक्सस आणि ओक्लाहोमा १० कोटी डॉलर मोजून बिग ट्वेल्व्हमधून मुदतीआधी सुटले तेव्हा तेच. वीस वर्षांचे करार आणि निकालाविना संपणारे खटले, अशी जोडी जमली की कायदा कधी तयारच होत नाही.

त्यातल्या त्यात एका कोर्टानं काही ठाम सांगितलं ते कोलफॅक्समध्ये. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला गव्हाच्या शेतांच्या टेकड्यांमध्ये वसलेलं हे छोटं गाव. जून २०२२ मध्ये यूसीएलए (कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजलिस शाखा) आणि सदर्न कॅलिफोर्निया यांनी पश्चिमेकडची पॅक-ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स सोडून बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं, वर्षभरानं टीव्हीचा नवा करार जमेना म्हणून बाकीचेही पांगले, आणि बारातले उरले दोन: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. जाणारे दहाजण उरलेल्या तिजोरीचा निर्णय मात्र बहुमतानं घेऊ पाहत होते. न्यायाधीश गॅरी लिबी यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना अडवलं. यूसीएलए, सदर्न कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडो यांनी आधी जायचं जाहीर केल्यावर कॉन्फरन्सनं लगेच त्यांना मंडळाबाहेर काढलं होतं. तेव्हा जो नियम त्यांना लावला तोच आता तुम्हालाही लागू, असा साधा हिशेब. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला. पण हाही वाद तिजोरीपुरताच होता. आणि आठवडाभरात त्यातही तडजोड झालीच.

पांगापांगीत खेळाडूंचं काय झालं ते बघा. लॉस एंजलिसमधल्या यूसीएलएचे संघ आता न्यू जर्सीतल्या रटगर्सशी कॉन्फरन्सचे सामने खेळतात. म्हणजे सुमारे चार हजार किलोमीटर. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो, स्वतंत्र विमानानं जातो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिसच्या मुलींचे सामने आठवड्याच्या मधल्या वारीही असतात, आणि त्यांच्या खेळाला टीव्हीच्या या पैशातलं फारसं काही मिळत नाही. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (बर्कली) ही पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या कॉन्फरन्समध्ये आहेत; यावर कुणाला विनोद करायचीही गरज पडत नाही. फुटबॉलच्या हक्कांचा सौदा इतर सगळ्या मुलामुलींचं वेळापत्रक ठरवतो आणि त्यांना कोणी विचारत नाही.

खेळाडूंना पैसा मिळू लागला तो वेगळ्या वाटेनं, त्यांच्या स्वतःच्या खटल्यांमधून. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीत जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचं ठरलं, आणि पहिल्या वर्षी विद्यापीठ आपल्या खेळाडूंना २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकेल अशी मुभा मिळाली. न्याय्यच झालं. पण त्यामुळे विद्यापीठांची टीव्हीच्या पैशाची भूक आणखी वाढली, आणि पुढचा करार आणखी घाईत होणार हेही दिसतंय.

मराठी वाचकाला यात स्वारस्य काय? एक तर पॅक-ट्वेल्व्ह सोडणाऱ्या दहा विद्यापीठांपैकी अ‍ॅरिझोना स्टेटसारख्या ठिकाणी आपली कितीतरी मुलं एमएस करतात. अमेरिकेतल्या अनेक सरकारी विद्यापीठांत क्रीडा विभागाची तूट विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरली जाते, आणि पुण्यात शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या पालकांना त्या शुल्कपत्रकातली ती ओळ क्वचितच ठाऊक असते. दुसरं म्हणजे, खेळाच्या प्रक्षेपणावर जनतेचा हक्क आहे ही गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच उचलून धरली. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं हिरो कपचे हक्क परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शननं आडकाठी केली, आणि प्रकरण न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्यापुढं आलं. प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी नको आणि खासगी कंपन्यांचीही नको, असं त्या निकालानं सांगितलं. २००७ च्या कायद्यानं तर राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला देणं सक्तीचं केलं. आपलं क्रिकेट मंडळ म्हणून पारदर्शक झालं असं कोणी म्हणणार नाही. पण खेळ दाखवण्याच्या व्यवहारात जनता हा एक पक्ष आहे, हे आपल्या कायद्याला मान्य आहे. अमेरिकेत विद्यापीठं सरकारी, स्टेडियमं बहुधा सरकारी जागेवर, प्रशिक्षकाचा पगार सरकारी नोकराचा. आणि करार तेवढा खासगी.

एसीसीच्या बाजूनं एक युक्तिवाद आहे आणि तो वजनदार आहे. दोनदा सही केली, वीस वर्षांच्या हमीमुळेच ईएसपीएननं स्वतंत्र एसीसी वाहिनी काढली, तिचा पैसा सगळ्यांनी घेतला. आता बाजारभाव वाढला म्हणून सही नाकारायची? उद्या कोणतीही वाहिनी कोणत्याही कॉन्फरन्सला पैसे का देईल? हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच फ्लोरिडा स्टेटला मी या प्रकरणातला पीडित समजत नाही. ‘ग्रँट ऑफ राइट्स’च्या कुंपणाचे खांब त्यांनीही सही करून रोवले होते. पण सहीचं पावित्र्य सांगणाऱ्यानं कागदही उघडा ठेवावा. सरकारी शाळेच्या इमारतीचं कंत्राट गुप्त ठेवता येत नाही, मग त्याच राज्यातल्या विद्यापीठाचं याहून कितीतरी मोठं कंत्राट गुप्त का?

दुसरा युक्तिवाद येतो तो राजधानी वॉशिंग्टनमधून. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यानं व्यावसायिक लीगना एकत्र हक्क विकायची सूट दिली, तीच कॉलेजांनाही द्यावी, म्हणजे सगळ्या कॉन्फरन्स मिळून एकच सौदा करतील आणि पळापळ थांबेल. म्हणजे फिरून १९८४ च्या आधीच्या दारात. पळापळ थांबेलही कदाचित. पण एकच मोठा करार आणि तोही कुलपात, असं झालं तर आज फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या भांडणातून जे दोन-चार कागद बाहेर पडतात तेही पडायचे नाहीत. सूट द्यायचीच असेल तर अटीवर द्या: करार पूर्ण जाहीर, मुदत सात-आठ वर्षांच्या आत, आणि सही करण्याआधी प्रत्येक सरकारी विद्यापीठाच्या नियामक मंडळात उघड चर्चा.

हे अव्यवहार्य नाही. यूसीएलएच्या चॅन्सेलरनी, म्हणजे प्रमुखांनी, पॅक-ट्वेल्व्ह सोडायचा निर्णय स्वतःच्या अखत्यारीत घेतला तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळानं, तो आपल्या बैठकांमध्ये चर्चेला घेतला. खेळाडूंच्या प्रवासावर, जेवणावर, अभ्यासातल्या मदतीवर किती खर्च करणार ते विचारलं, आणि शेवटी बर्कलीतल्या भावंड विद्यापीठाचं जे नुकसान झालं त्यापोटी यूसीएलएनं वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत असं ठरवलं. निर्णय फिरला नाही, उशीरही झालेला होता. तरी आकडे लोकांसमोर आले ते रीजंट्स बसले म्हणून, कोणा न्यायाधीशामुळे नाही.

बिग टेनचा करार २०२९-३० च्या हंगामाअखेर संपतो, बिग ट्वेल्व्हचा त्याच्या पुढच्या वर्षी, आणि एसीसी सोडण्याचा दंडही तेव्हाच तळाला येतो. नव्या करारांचे मसुदे त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी फिरू लागतील. टॅलहासी, कोलंबिया, रॅले इथल्या (म्हणजे फ्लोरिडा, साउथ कॅरोलिना आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या) विधिमंडळांना खुल्या कराराचा कायदा करायचा असेल तर त्यांच्या हातात दोन-तीन अधिवेशनं आहेत.